गालावरची तीट

हे मी कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही धड कळत नाही.

शिंदखेड्याच्या आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक चित्र आहे, पेन्सिलीनं काढलेला चिऊचा चेहरा. चिऊ माझ्या मोठ्या जावेची मुलगी. जावेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. चित्र मी काढलंय. येणारे-जाणारे म्हणतात, काय हुबेहूब! हुबेहूब? नाही हो.

त्या दिवशी अक्कानं चिऊला न्हाऊ घातलं, गालावर काजळाचं बोट टेकवलं आणि ती कापूस वेचायला गेली. चिऊ माझ्यासमोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. मी तिला कागदावर उतरवलं — भुरभुरते केस, ओठाला चिकटलेलं टरफल, सगळं. तीट तेवढी सोडली.

चित्रात डाग दिसेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. जळगावला चित्रकला शिकून आलेली ना मी! पण खरं सांगू? तीट म्हणजे काय असतं — आईचं बोट. हे लेकरू कुणाचं तरी आहे, याची खूण. मला मूल नाही. ती खूण नसली की चिऊ कागदापुरती तरी माझी होणार होती. अक्काचा मला हेवा वाटायचा. फार वाटायचा.

दुसऱ्या दिवशी चिऊला ताप भरला. धुळ्याच्या दवाखान्यातून ती परत आली नाही.

पुढे एकदा अक्का मोबाईलमधले फोटो चित्राशेजारी धरून पाहत बसली. मग म्हणाली, "बठ्ठा फोटूमा तीट शे, ह्यामाच नही. त्या दिन मीच इसरी गऊ. मनी पोरले नजर लागनी."

एक वाक्य पुरलं असतं. लावली होती ना अक्का, मीच चित्रात काढली नाही! ओठांपर्यंत आलं, आणि मी गिळलं. घरदार म्हणेल, वांझोटीचीच नजर लागली — ही भीती. मी स्वतःला वाचवलं. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण अक्का मानते. आपल्या विसरण्यानं लेकरू गेलं, असं धरूनच ती इतकी वर्षं जगते आहे. हसता हसता मध्येच उठून देव्हाऱ्यापाशी जाते. मी बघते, आणि पोळ्या लाटत राहते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं घागर भरून झाली की अक्का चित्र खाली घेते, काच पुसते आणि चिऊच्या गालावर बोट टेकवते. म्हणते, "आते नही इसरसू, माय."

काजळाची डबी तिच्या हातात मीच देते.