गवा आणि पिंगळ्याचे डूल

नवरा गेला त्याच महिन्यात माझं प्रदर्शन ठरलेलं होतं. मी जंगली प्राण्यांची चित्रं काढते आणि तांब्याच्या चकत्यांवर पक्षी रंगवून कानातली करते. चकत्या कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून घडवून आणते. "पुढे ढकल," सगळे म्हणाले. ढकलून काय करायचं, ते कोणी सांगेना.

रडू आलं नाही. हडपसरच्या फ्लॅटवर लोक भेटायला यायचे, मी चहा करायचे, ते गेले की कप विसळून पुन्हा कामाला बसायचे. गव्याचं एक चित्र अर्धवट राहिलं होतं. त्याचे डोळे रंगवताना हात जराही थरथरला नाही. त्याचंही काही वाटलं नाही.

सासूबाई माझ्याजवळच राहतात. त्यांचा तो एकुलता एक मुलगा. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि कानातलं उतरवलं ते कायमचंच. लग्नानंतर मी त्यांच्यासाठी एक जोड केला होता, तर म्हणाल्या होत्या, "मला कशाला? विकून टाक."

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी मला दारातच अडवलं.

"तुझे कान का रिकामे?"

"घालावंसं वाटत नाही, आई."

त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

दुपारी हॉलमध्ये एक बाई गव्यासमोर बराच वेळ थांबल्या. "तुम्ही हा प्रत्यक्ष पाहिलात?"

"हो. नवऱ्याबरोबर."

"ते नाही आले आज?"

"नाही," मी म्हणाले, आणि चित्र कागदात गुंडाळून दिलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. रिक्षा करून, एकट्याच. टेबलावरचे पिंगळ्याचे डूल उचलून त्यांनी माझ्या हातात दिले. "घाल मला."

एका कानाचं भोक बुजत आलं होतं. मी क्रीम लावून तार हळूच सरकवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखलं?"

"दुखलं. तू घाल दुसरं."

मग संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशेजारी खुर्चीत बसून राहिल्या. एका मुलीने कौतुकाने विचारलं, "आजी, या वयात?"

"मग कोणत्या वयात?"

घरी जाताना रिक्षा गर्दीत अडकली. त्यांना डुलकी लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला अजूनही काहीच वाटत नव्हतं. खांदा मात्र मी हलवला नाही.