दुसऱ्या ग्रहणाची वाट

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते माझ्या शेजारच्या रिंकी टेंभरेला विचारा. सासूसमोर तिनं ग्रहण हा शब्द काढलाच कशाला, याचा मला अजून राग येतो.

रिंकी कुडव्यातल्या शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवते. सातवा महिना चालू होता, तरी रिकाम्या वेळात तारे धुंडाळणं सुटलं नव्हतं. दूर कुठंतरी आपोआप चालणाऱ्या दुर्बिणी रोज सगळं आभाळ टिपतात आणि ती मोजमापं इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात ती ताऱ्यांच्या जोड्या शोधते. एक तारा दुसऱ्याच्या आड गेला की उजेड उतरतो, तेच ग्रहण; एका फेरीत ते दोनदा होतं. दोघांची वाट गोल असेल तर दुसरं ग्रहण फेरीच्या बरोबर मध्यावर येतं. लांबट असेल तर ते सरकू शकतं. असं ग्रहण सरकलेली एक जोडी कॉम्प्युटरनं कचरा म्हणून बाजूला टाकली होती. हिनं ती उचलली. पण दुसऱ्या ग्रहणाच्या नोंदी अगदीच तुटपुंज्या. ते एकदा स्वतः टिपलं तरच शोध पक्का होणार होता. तिनं कॉलेजातून कॅमेऱ्याची दुर्बीण मागून आणली आणि स्लॅबवर बसवली. तारा मावळतीकडे कललेला, पुढच्या खेपेला तो सूर्याच्या उजेडात बुडणार. तो परत दिसेल तेव्हा मांडीवर तान्हं बाळ.

आनंदाच्या भरात तिनं हे सगळं सासूला, रामकलीबाईंना सांगितलं. त्यांनी आधी विळा, सुई, कात्री कपाटात कोंबली.

"पोटुशीनं गरहन पाहू नोको! लेकराचा ओठ फाटते."

"आई, हे सूर्याचं नोहोय. लय दूरच्या ताऱ्याचं होय."

"दूरचं असो का जवळचं. येते कवा?"

"दर अकरा दिवसांत दोनदा."

"दोनदा? मंग मी सयपाक कवा करू?"

शेवटी रिंकीच्या नवऱ्यानं, खुमेंद्रनं तोड काढली. कॅमेरा वर एकटाच चालेल, रिंकी खाली पडदे ओढून बसेल. रामकलीबाईंनी फक्त लागायची आणि सुटायची वेळ विचारली आणि कबूल झाल्या. मीही म्हटलं, चला, सुटलो.

सकाळी रिंकीची किंकाळी ऐकून मी धावले. लॅपटॉपवर सुरुवातीला ताऱ्याच्या उजेडाची सरळ रेष, शेवटी सरळ रेष, आणि मधे काहीच नाही. ग्रहण नेमकं त्या मधल्या वेळात होऊन गेलं होतं. ढगाचा तर पत्ता नव्हता.

"आई, दुर्बीण तुम्ही झाकली का?"

"झाकली ना. तू मंग ते फोटू पाहशीलच. घोंगडी टाकली, वर तुळशीचं पान ठेवलं. सुटल्यावर काढली, तुह्या कामाची खोटी काऊन करू?"

गुडघ्यांनी अधू बाई. लोखंडी शिडी चढून गेली होती आणि ग्रहण सुटेपर्यंत घोंगडी धरून बसली होती. रिंकीला ओरडायचं होतं, पण अशा बाईवर ओरडणार कसं? ती लॅपटॉपवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली.

रामकलीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडून काऊन राहिली ओ? सुटलं ना गरहन. ऊठ, आंग धू."