आखूड दांड्याचं इंजिन

नारळ समुद्राला देऊन झाला, वाडीतल्या सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या. माझी अजून माडाच्या झापांखाली झाकलेलीच होती. बायको पावसाच्या आधी गेली. होडीत आम्ही दोघंच जायचो. शीड माझ्याकडे, सुकाणू तिच्याकडे. मी काही सांगायला गेलो की म्हणायची, "तुमी शीड बघा ओ. वाट माका ठावक आसा." आता दोन्ही एकट्यानं सांभाळणं होत नाही. खांदा गेलाय, वल्हं मारवत नाही.

किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला होडी हवी होती. दारात ठेवणार, पाव्हणे तिच्यात बसून फोटो काढणार. त्याला म्हटलं, थांब, इंजिन बसवून बघतो. एकट्याला खाडीच्या तोंडापर्यंत जाता आलं तर होडी माझी, नाही तर तुझी. ओहोटीला तिथे वाळूचा पट्टा उघडा पडतो, आम्ही तिथे वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो. दुसरीकडे जायला मला जागा नाही. घरात बसलो की चूल दिसते.

पुतण्या पाव्हण्यांना बोटीतून फिरवतो, त्याला इंजिनातलं कळतं. तो हसला. "काकानू, ह्या होडयेक इंजिन म्हणजे म्हाताऱ्याक बाशिंग."

"तू बाशिंग बांध. घोडो मी घेवन येतंय."

मालवणात दुकानदारानं दोन इंजिनं दाखवली. एक आखूड दांड्याचं, एक लांब. "आजोबा, होडीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती भरतं ते मोजून आणा. दांड्याच्या टोकाचा पंखा पाण्यात बुडाला पाहिजे, पण फार खोल नको." लांब दांडा आमच्या खाडीत वाळूला घासणार हे मला न सांगता कळत होतं. तरी माप घ्यायचं म्हणून घेतलं. होडी जमिनीवर, मग पाणी कुठे येतं ते कसं बघणार? आमच्याकडे सगळे बघतात तसं मीही बघितलं. पाण्यात राहून राहून फळीवर शेवाळाची काळी रेघ पडते, ती पाण्याची रेघ. मागच्या अंगाला काठापासून रेघेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. आखूड दांडा बरोब्बर बसत होता. तेच घेतलं. होडीची दोन्ही टोकं निमुळती, इंजिन अडकवायला सपाट जागा नाही. पुतण्यानं उलांडीच्या, म्हणजे होडीला तोलून धरणाऱ्या बाजूच्या लाकडाच्या, उलट अंगाला, पाठीमागे, लोखंडी चौकट ठोकून दिली.

मी मागे इंजिनाची मूठ धरून बसलो तोवर सगळं ठीक चाललं. वाळूच्या पट्ट्याजवळ पोचलो, नांगर टाकायला उठून पुढे गेलो, आणि मागचं टोक वर आलं. पंखा पाण्याबाहेर. काय ती इंजिनाची बोंब! घाईनं मागे वळलो तर होडी कलली, पडता पडता वाचलो. इंजिन बंद केलं तेवढ्यात पाण्याच्या ओढीनं होडी पार लांब नेली. पुतण्या बोटीतून आला आणि दोरी बांधून मला घरी आणलं. सगळ्या वाडीनं बघितलं.

चूक रेघेत होती. ती रेघ आम्हा दोघांची होती. मी पुढे, ती मागे, तिच्या पायाशी तिसऱ्यांची भरलेली टोपली. बाई अंगानं भरलेली होती. इतकी वर्षं होडी त्या वजनानं मागे खाली बसायची, रेघ काठाजवळ चढलेली, आणि मी माप तिथनं घेतलं.

पुतण्या म्हणाला, "पाठी धोंडो घाला एक. वजन व्हयां."

"पाठी खंय?"

तो खाली बघायला लागला. "काकी बसत होती थंय."

अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेत. त्यातला एक त्यानंच उचलून तिच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो. चिऱ्यानं काम केलं, खोटं कशाला बोलू. मी पुढे गेलो तरी पंखा पाण्यात राहिला. नांगर पडला. पट्ट्यावर उतरलो.

आणि उतरल्यावर कळलं, मला तिसऱ्या काढता येत नाहीत. ती उतरायची, पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, वाकून ओंजळ भरायची. मी होडी धरून उभा असायचो, विडी ओढत. आता मीही पायानं चाचपलं. नुसती वाळू लागत होती. पाणी चढेपर्यंत ओंजळभरसुद्धा नाही मिळाल्या. मिळाल्या त्या परत टाकल्या. शिजवणार कोण?

मागे वळून बघितलं तर होडीत चिरा बसलेला.

घरी येऊन इंजिन काढलं, पुतण्याला देऊन टाकलं. तो म्हणाला, "काकानू, लांब दांड्याचा बघूया?" म्हटलं, "नको रे, बाबा. पोचलंय मी थंय."

हॉटेलवाल्याला निरोप धाडला. तो माणसं घेऊन आला, होडीभोवती फिरला, हात लावून बघितलं. खूश झाला. म्हणाला, "तेवढो चिरो काढून ठेवा."

म्हटलं, "तूच काढ." आणि घरात गेलो.