गोड पाण्याची कॅन

बीपीनं माझ्या किडन्या खराब होत चालल्या आहेत. धारणीहून कामासाठी अकोल्यात आलो, शिक्षण सातवीपर्यंत. डॉक्टरांचं अर्धं बोलणं समजतच नाही. दवाखान्याच्या रांगेत खारपाणपट्ट्यातली एक म्हातारी शेजारी बसायची. आजार तोच. “बरं वाटते म्हून गोळी सोडू नको, बापू,” असं तिनं दटावलं, म्हणून माझी गोळी सुरू राहिली.

एकदा डॉक्टर तिच्यावरच खेकसले, “आजी, बीपी उतरत नाही. मीठ सोडा म्हटलं ना!”

बाहेर येऊन ती म्हणाली, “ताटातलं तं कवाच सोडलं. विहिरीतलं कसं सोडू?”

मग नेहमीसारखी तिनं दवाखान्याच्या नळावर कॅन भरली, झाकण पदरानं घट्ट आवळलं.

“बरं झालं, घरी हेच गोड पाणी पीत जा,” मी म्हणालो.

“मी काहून पिऊ? नातीच्या किडन्या अजून साबूत हायेत.”