साहेब येणार म्हणून सारवलेली भिंत

आमच्या ग्रामपंचायतीचा भोंगा कितीतरी वर्षं माझ्या ताब्यात होता, तो काही मी निवडून आलो म्हणून नव्हे. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, मी राणी व्हायचो. लुगडं नेसून, पदर दातात धरून एक किंकाळी फोडली की पलीकडच्या गावची कुत्री भुंकायची. असा गळा फुकटात मिळत असताना पंचायत दवंडीवाला कशाला शोधेल? मग लसीकरण असो, ग्रामसभा असो की कुणाची हरवलेली म्हैस, मी राणीच्याच थाटात सांगायचो. म्हैस सापडत नसे, पण लोक चहाचा कप घेऊन ओट्यावर ऐकायला येत.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि घरोघरी न विकलेला कापूस आढ्याला टेकलेला. त्या काळात कळंबच्या रस्त्यानं आमच्या गावात पांढऱ्या गाड्या फार आल्या. पण साहेब ज्या दारात उतरत, त्या घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं असे. गाडीची धूळ दिसली की बायका पदर डोक्यावर घेत आणि हळूच विचारत, "कोनाच्या घरी?"

म्हणून मी जेव्हा भोंग्यावर सांगितलं की घरकुलासाठी साहेब येणार, कच्ची घरं पाहणार, आणि ही पाहणी जिवंत माणसांकडे आहे, तेव्हा गावात लग्न निघाल्यासारखं झालं.

सगळ्यांत जास्त हरखली ती माझ्या घरामागची मावशी. नात्याची नव्हे, गावाची मावशी. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी महागावकडे दिलेली. घर कुडाचं: पऱ्हाट्या उभ्या रोवायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. आमच्याकडे कापसाचं झाड कापूस देतं, सरपण देतं, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला भिंतही देतं. वर जुनी कवेलू, म्हणजे कौलं, मधे मधे प्लास्टिक.

त्याच हिवाळ्यात मुलीला दिवस गेल्याची बातमी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण बाळ यायचं होतं ऐन आषाढात, आणि व्याह्यांनी निरोप धाडला: गळक्या घरात बाळंतीण पाठवणार नाही, पक्की खोली झाली तर पाठवू. माणसं दुष्ट नव्हती. दिवाळीला आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं होतं, एवढंच.

मावशीला घरकुल वगैरे नको होतं. आषाढाच्या आत एक खोली हवी होती.

"भाऊ, साहेब खरंच माह्या घरात येईन?"

"येईन ना मावशी. भिंत पाहीन, छप्पर पाहीन."

"अवं माय! अन् घर हे असं?"

आणि ती जी उठली! दुसऱ्या दिवशी साहेब येईपर्यंत तिनं घराची नवरी केली. शेणानं सारवलं, पांढऱ्या मातीनं पोतलं, खाली गेरूचा पट्टा ओढला, दारात रांगोळी घातली. आळीतल्या बायकाही मागे राहिल्या नाहीत. कुणी स्टीलचे डबे दिले, कुणी पलंगपोस दिला, शाळेतून खुर्च्या आल्या. शेजारणीनं तर नवा टेबलपंखा आणून कोपऱ्यात ठेवला. मावशीच्या घरी वीज नव्हती, पण पाहुण्यापुढे तो रिकामा कोपरा बरा दिसत नव्हता.

साहेब यवतमाळचा, तरुण, सभ्य. खुर्चीवर बसला, चहा घेतला.

"पंखा चालतो का?" त्यानं सहज विचारलं.

"चालते ना साहेब, नवाच हाये!" शेजारणीनं छाती फुगवली. पंखा तिचा होता, अपमान कसा सोसेल?

साहेबानं भिंतीकडे पाहिलं. "छान ठेवलंय हो घर," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मावशीनं डोळ्यांना पदर लावला. चार दिवस ती विहिरीवर, वावरात, जिथं माणूस भेटेल तिथं सांगत होती, "साहेबानं माह्या घराले चांगलं म्हटलं!" आम्हीही माना डोलवत होतो. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय हे साऱ्या गावात एकालाही कळलं नाही.

ते ग्रामसभेत कळलं. शाळेच्या व्हरांड्यात मी माझ्या आवाजात नावं पुकारली. मावशी चांगलं लुगडं नेसून पुढेच बसली होती. नावं संपली. ती उठून उभी राहिली.

"काहून गा भाऊ, माहं घेतलं नाई?"

ग्रामसेवक घसा खाकरून म्हणाले, "मावशी, तुमचं घर चांगल्या स्थितीत आहे असा शेरा आहे. भिंती चांगल्या. खुर्च्या आहेत. पंखा आहे."

"पंखा हिचा हाये! खुर्च्या तर याच शाळेच्या, ज्यावर तुमी बसून राह्यले! लाईट तरी हाये काय माह्या घरी?"

सभा खदखदून हसली. मावशीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मिटत गेला.

सरपंचानं पुन्हा पाहणी मागून घेतली. आता मी दिग्दर्शनाला उभा राहिलो. म्हटलं, मावशी, या खेपेला सारवायचं नाही. दोन कवेलू आपण काढून ठेवू, चूल थंड, आणि तू कोपऱ्यात बसून मी शिकवतो तशी रड.

"रडनं मले तू शिकवतं काय?" ती म्हणाली.

कवेलू काढायला आणलेली शिडी मी खाली ठेवली.

"पाव्हना येनार, अन् मी घराचा उकिरडा करून ठेवू? लोक काय म्हनतीन, हिच्या पोरीचं माहेर असं हाये?"

खुर्च्या आणि पंखा परत गेले, एवढंच तिनं ऐकलं. साहेब आला तेव्हा भिंत पुन्हा पांढरीशुभ्र होती, गेरूचा पट्टा ओला होता. साहेब भिंतीजवळ गेला. मग त्यानं बोटानं भिंत दाबली. पोपडा निघाला, आत काळी पऱ्हाटी दिसली.

"मावशी, मी लिहितो तसं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण यंदाचा कोटा भरला. पुढच्या वर्षी होईल."

आषाढ काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता. मुलगी तिकडेच बाळंत झाली. मावशी डिंकाचे लाडू घेऊन एसटीनं महागावला गेली, दवाखान्यात नातीला मांडीवर घेतलं आणि त्याच दिवशी परत फिरली. लेकीच्या सासरी मुक्काम करणं तिच्या पिढीला जमणारं नव्हतं. फाट्यावर मी भेटलो तर म्हणाली, "नात पाह्यली. नाक आपल्या घरचं हाये." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "न्हाऊ घालनं नाई झालं पन."

पुढच्या वर्षी घरकुल खरंच झालं. विटांची खोली, वर स्लॅब. मावशीनं आत भिंतीला लागून बाज टाकली आणि बाजेखाली शेकायची मातीची शेगडी ठेवली. स्वतः मात्र ती बाहेर पडवीतच निजायची. मी एकदा थट्टेनं विचारलं, "काय वं मावशी, पक्क्या खोलीत झोप येत नाही?" ती शेगडीवरची धूळ पदरानं पुसत राहिली. दुसरं बाळंतपण रिवाजानं सासरीच होतं, हे तिलाही ठाऊक होतं. ते झालंही तिकडेच.

मावशी गेली तेव्हा मुलगी दोन्ही लेकरांना घेऊन आली. त्या खोलीत ती प्रथमच राहिली. बाज तशीच होती. शेगडी कोरी, एकदाही न पेटवलेली. "ही कोनाची बाज?" तिनं विचारलं. पंख्यावाली शेजारीण म्हणाली, "तुहीच व्हय."

मुलगी बाजेच्या काठावर बसली. दुसऱ्या दिवशी तेरवी, पाहुणे येणार होते. मग ती उठली, पदर खोचला, आणि बादलीत पांढरी माती कालवायला बसली.