अर्धा मोठा की पाव?

घरात सगळे तिला मौनी म्हणायचे. लहानपणी पाहुणे आले की ही दाराआड, आणि कुणी नाव विचारलं की तोंडाला कुलूप. त्याच मौनीनं शिक्षिका व्हायचं ठरवलं, तेव्हा थोरली बहीण पोट धरून हसली होती. "अगं, तू वर्गात करणार काय? हजेरी खुणेनं घेणार?"

हसायला काय जातं! पण गेल्या वर्षी झालंही तसंच. सराव पाठाला मौनी फळ्यासमोर उभी राहिली आणि घसा जो बंद झाला तो घंटा होईपर्यंत उघडलाच नाही. मुलं बिचारी तिच्या तोंडाकडे बघत बसली. शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजनं यंदा आणखी एक संधी दिली होती, तीही शेवटची म्हणून बजावून. आठवडाभर एका शाळेत तिसरीच्या वर्गावर राहायचं आणि शुक्रवारी निरीक्षक मॅडमसमोर पाठ घ्यायचा. तो फसला की नाव कमी. मग बसा पुन्हा कापडाच्या दुकानात घड्या घालत.

सोमवारी वर्गाच्या नेहमीच्या, मोठ्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. पोरं खात नाहीत, नुसती चावतात." पहिल्या बाकावरच्या एका मुलीला त्या वकीलबाई म्हणायच्या, आणि का म्हणायच्या ते मौनीला तासाभरात कळलं. सुट्टी आत्ताच का नाही, खडू पांढराच का, नव्या बाईंचा आवाज एवढा बारीक का... उलटतपासणी संपेचना. मंगळवारी मागच्या बाकांवर पट्ट्यांची तलवारबाजी सुरू झाली. बुधवारी मौनी "शांत बसा" म्हणाली, तर ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. त्या रात्री जेवणावरून उठली आणि आरशासमोर उभी राहून पाठ म्हणत बसली.

गुरुवारी मोठ्या बाईंना मुख्याध्यापकांनी बोलावलं. वर्ग मौनीच्या हातात आला आणि भीतीनं तिच्याकडून नको ते करवलं. शुक्रवारचा अपूर्णांकांचा पाठ तिनं गुरुवारीच घेतला. कागदाच्या पट्ट्या, घड्या, अर्धा, पाव, सगळं. कोणता प्रश्न विचारल्यावर कुणी हात वर करायचा, काय उत्तर द्यायचं, तेसुद्धा ठरवून दिलं. एकदा झालं, दोनदा झालं. "अर्ध्यापेक्षा पाव लहान!" वर्ग एका सुरात ओरडला आणि मौनीच्या जिवात जीव आला.

शुक्रवारी निरीक्षक मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. चष्मा नाकावर, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या.

पाठ असा सुरू झाला की बघत राहावं. प्रश्न पडायचा अवकाश, हात वर. एकानं तर प्रश्नाआधीच उत्तर दिलं. तरी गाडी रुळावर होती. तेवढ्यात खिडकीजवळचा एक हात वर गेला. चिंगीचा. वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी, तापानं आठवडाभर घरी होती, आजच आली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बाई, पाव लहान कसा? अर्ध्याचे दोन तुकडे, पावाचे चार. चार मोठे ना?"

याचं उत्तर मौनीनं लिहून आणलेल्या पाठाच्या टाचणात नव्हतं. मौनीनं घाईघाईनं वकीलबाईकडे पाहिलं. "तू सांग गं. पाव लहान का?"

वकीलबाई ताडकन उठली. "कारण काल तुम्हीच सांगितलंत, बाई! आणि आज मॅडमसमोर तसंच म्हणायचं म्हणालात!"

झालं! मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी चष्मा काढला. मौनीचा घसा आवळत चालला, अगदी गेल्या वर्षीसारखा. आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आणि चिंगीचा हात अजून वरच होता. त्या पोरीला मॅडमशी, पाठाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला फक्त समजलं नव्हतं.

"हो," मौनीचा आवाज घोगरा आला, पण आला. "काल मी नुसतं सांगितलं. कुणाला पटवून दिलंच नाही. चिंगी, तू आणि वकीलबाई या बाकावर बसा. ऐसपैस बसा. बाक दोघींत वाटलं. तुला किती आलं?"

"अर्धं."

"आता आणखी दोघी या गं. सरका, सरका. खाली कुणी उतरायचं नाही."

चौघी कोंबल्या गेल्या. ढकलाढकली झाली, वकीलबाई किंचाळली, "बाई, माझं अर्धं बूड बाहेर आहे!" वर्ग खो खो हसला. मौनीही हसली आणि त्याच हसण्यात विचारून बसली, "काय गं चिंगी, बसणाऱ्या चार झाल्या. तुझी जागा वाढली की घटली?"

चिंगीनं खाली पाहिलं. मग शेजारणीकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. "घटली! बाई, माणसं वाढली की वाटा घटतो!"

मग कुणी थांबायला तयार होईना. आठ जणी बसल्या तर? फळीच उरणार नाही! घंटा झाली तेव्हा फळा अर्धा कोरा होता, समारोप राहून गेला होता आणि मौनीला मॅडम वर्गात आहेत याचाही विसर पडला होता.

मुलं गेल्यावर मॅडम पुढे आल्या. "तालीम केली होती?"

"केली होती," मौनी म्हणाली. खोटं बोलायला तिच्यात त्राणच नव्हतं. "फार भीती वाटत होती, मॅडम."

"मग पाठ रद्द. यात दयामाया नाही." मॅडम सावकाश चष्मा पुसत राहिल्या. "पण बाकावर मुली बसवल्यानंतर जे झालं, ते मी पाहिलंय. म्हणून सोमवारी पुन्हा घ्या. तोही फसला तर मात्र माझ्या हातात काही नाही. विषय आत्ताच सांगून ठेवू का?"

दारातून मोठ्या बाई मान हलवून हो म्हण, हो म्हण, असं खुणावत होत्या. मौनीलाही हो म्हणायचं होतं. दोन दिवस मिळाले असते, आरसा होताच.

"नको," ती म्हणाली. "विषय सोमवारी वर्गातच सांगा, मॅडम. फक्त चिंगीला पुन्हा ताप येऊ नये, एवढी प्रार्थना करा."