सात सीटांची गाडी आणि कन्हानचा वरचा काठ

गेल्या महिन्यात आमच्या दारात चार दिवस एक भलीमोठी गाडी उभी होती. माझ्या नवऱ्याच्या, प्रवीणच्या ऑफिसातल्या एका मित्राची बंगळुरूला बदली झाली आणि त्याला ती विकायची होती. घेऊन जा, फिरवून बघा आणि मग सांगा, असं म्हणून त्याने किल्लीच हातात ठेवली. तीन रांगा, सात सीटा, डिझेल, फोर-बाय-फोर. कंपनीचं नाव लिहीत नाही, एका वापरलेल्या गाडीवरून कंपनीची परीक्षा करणं बरं नव्हे. प्रवीणने लगेच पचमढीचा विषय काढला. मला मात्र गाडी बघताक्षणी आई आठवली.

माझं माहेर नागपूरजवळच्या कन्हानचं. घरात मला सगळे मोठी म्हणतात, पण माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. बाबा तेव्हा परासियाच्या पलीकडे एका कोळसा खाणीत कारकून होते. नवीनच लग्न, नदीपासून थोडं वर दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि ऐन पावसाळ्यात ती मुलगी आठवडाभरातच गेली. आमच्याकडे इतकं लहान लेकरू जाळत नाहीत, मातीत ठेवतात. नेतात फक्त पुरुष. बाळंतिणीने जायचं नसतं आणि नंतर जागा विचारायचीही नसते. बाबा खाणीतल्या दोघांना घेऊन गेले आणि परत येऊन आईला एवढंच म्हणाले, नदीकाठी मोहाच्या झाडाखाली ठेवलं. तिचं नाव ठेवायचंही राहून गेलं होतं. पुढे बाबांची बदली कन्हानला झाली, मी झाले, धाकटा मिलिंद झाला, आणि तो विषय घरात कुणी काढला नाही.

दिवाळीनंतर बाबांना दुसरा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. विचारलेलं सगळं कळतं, मान हलवून हो-नाही सांगतात, पण पुढचं काही सांगता येत नाही. ते दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "मले ते जागा पाहाची आहे. हे आहेत तवरच दाखवू शकतीन. मंग कोण दाखवणार आहे मले?" एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, म्हणून आम्ही आमच्या छोट्या गाडीने निघालो. शेवटच्या ओढ्याशी गाडीचं पोट दगडावर घासलं आणि तिथूनच परत फिरावं लागलं. त्यामुळे ही गाडी दारात आली तेव्हा पचमढीचा प्रश्नच उरला नव्हता.

आता गाडीविषयी. सात सीटा म्हणजे सात माणसं, हे जाहिरातीत. तिन्ही रांगा उभ्या असल्या की मागे दोन पिशव्या आणि एक पाण्याचा कॅन एवढंच मावतं. आमच्याकडे बाबांची व्हीलचेअर होती. ती ठेवायची तर मागच्या रांगेची निम्मी सीट पाडावीच लागते. बाबांचा उजवा पाय वाकत नाही, म्हणून मधल्या रांगेत दीड माणसाची जागा त्यांची आणि उरलेली त्यांना धरून बसणाऱ्या मिलिंदची. पुढे प्रवीण आणि मी. राहिली मागची एक सीट, व्हीलचेअरच्या बाजूची. मी तिथे बसते म्हटलं तर आईने ऐकलं नाही. "मले मागंच बरं वाटते," म्हणाली. लग्नाच्या वऱ्हाडात, टेम्पोत, जीपमध्ये, आयुष्यभर ती हेच म्हणत आली आहे. सात सीटांची गाडी पाच माणसांत गच्च भरली.

दुसरी गोष्ट उंची. बाहेरून बघायला रुबाबदार, पण आजारी माणसाला आत चढवणं म्हणजे पोतं उचलण्यातला प्रकार. पायरी आहे, पण ती धडधाकट माणसाच्या उपयोगाची. मिलिंदने खालून ढकलून, प्रवीणने आतून ओढून बाबांना बसवलं. बाबा डोळे मिटून होते. आपल्याला असं उचललं जातंय हे त्यांना अजिबात आवडलेलं नव्हतं, आणि मलाही ते बघवलं नाही.

सकाळी धुक्यातच कन्हानहून कामठी, कोराडी करत सावनेरला आलो. रस्ता सुरेख आहे, टोलची तयारी ठेवा. हायवेला ही गाडी झकास पळते, जड असल्यामुळे ट्रक बाजूने गेला तरी हलत नाही. सावनेरला तर्री पोहे खाल्ले. बाबांसाठी बिनतर्रीचे, मऊ करून, गाडीतच. पोहेवाल्याला गाडीचं भारी कौतुक. मायलेज विचारून झालं, किंमत विचारून झाली, मग काचेतून आत डोकावत म्हणाला, "येवढी मोठी गाडी, अन् माणसं पाचच काहून जी?" प्रवीण हसला. त्याला सहाव्याबद्दल काय सांगणार?

सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. थंडीत गेलात तर रस्त्यावरच ढीग लावून बसलेले असतात, तिथूनच घ्या, नागपूरपेक्षा स्वस्त आणि ताजी मिळतात. पुढे सिलेवानीचा घाट लागतो. इथे गाडीचा तिसरा दोष कळला. वळणावर ती डोलते, आणि पुढच्याला जे डोलणं वाटतं ते मागच्या रांगेत भोवंडणं असतं. मागची खिडकी छोटी, उघडतही नाही. आईला मळमळायला लागलं होतं आणि ती हाका मारत होती, पण इंजिनाच्या आवाजात पुढे काही ऐकू आलं नाही. मिलिंदला मध्येच डुलकी लागली होती. बाबांनी डाव्या हाताने त्याला गदागदा हलवलं, तेव्हा गाडी थांबली. आई खाली उतरून दगडावर बसली, आवळा सुपारी चघळली, आणि उठून पुन्हा मागेच जाऊन बसली.

छिंदवाड्यात जेवलो, साधी थाळी, पोळ्या गरम. मुक्काम परासियात एका लॉजवर. तळमजल्याची खोली आधी फोन करून मागून ठेवली होती. व्हीलचेअरवाल्यांनी हे विसरू नये, या भागात लिफ्ट फारशी दिसत नाही. संध्याकाळी आई बाबांना भरवत होती. मी तिला सहज विचारलं की भीती वाटते का. तिने मानेनेच नाही म्हटलं. मग म्हणाली की मोहाच्या झाडाखाली सावली तरी असेल, लेकरू उन्हात नसेल, या एका गोष्टीवर तिने इतके दिवस काढले. बाबा समोरच होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि पुढचा घास घेतला नाही. आम्हाला वाटलं पोट भरलं असेल.

दुसऱ्या दिवशी डांबर संपलं आणि गाडीने आपला खरा दम दाखवला. जुन्या खाणीकडे जाणारा रस्ता आता रस्ता राहिलेला नाही, ट्रकच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधे उंच गवत. प्रवीणने फोर-बाय-फोर लावलं. जिथून आमची छोटी गाडी परत फिरली होती तो ओढा हिने लो गिअरमध्ये, एखादी म्हैस पाण्यातून जावी तशी, कसलीही घाई न करता पार केला. पोटाला दगड लागला नाही. चढावर मागचं एक चाक हवेत गेलं तरी गाडी थांबली नाही. ज्यांना खरोखर अशा वाटांनी जायचंय त्यांना मी बेलाशक सांगेन, या कामात हिला तोड नाही. फक्त मधल्या रांगेत हादरे फार बसतात. मिलिंदने बाबांना दोन्ही हातांनी कवटाळून धरलं होतं.

क्वार्टरचे फक्त चौथरे उरलेत. त्यांच्याखाली नदी. ही कन्हानच. आमच्या गावाशेजारून रेतीच्या मोठ्या पात्राची जी वाहते तीच, इथे मात्र काळ्या खडकांमधून जाणारी अरुंद धार. शेवटचा उतार संपल्यावर खडकावर वीतभर वाळू. व्हीलचेअर खाली ठेवून पाहिली, तर पुढची चाकं रुतून बसली. बाबांना तिथे उतरवणं शक्य नव्हतं. मागचं दार उघडून आईला उतरवलं. बाबा वरच, मधल्या सीटवर, काच खाली करून.

बाबा वर होते ते एका परीने बरंच झालं. काठाला घाणेरीची झुडपं माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, जमिनीवरून नदी दिसतच नव्हती. बाबांना वरून सगळं दिसत होतं. त्यांनी डावा हात बाहेर काढला आणि दिशा दाखवली. आई चालू लागली. मी मधे उभी राहून बाबांचा हात बघायची आणि आईला सांगायची. डावीकडे. अजून थोडं. झुडपातून वाट काढत आई काठावर पोचली. तिथे खरंच एक मोहाचं झाड होतं, जुनं, एका अंगाने वाळलेलं. आई त्याच्या बुंध्याशी थांबली. सोबत आणलेली फुलं आणि मेणबत्ती तिने पिशवीतून बाहेर काढली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात खाली आला नव्हता. पुढे, असं ते दाखवत होते. आई झाडाच्या पुढे गेली. अजून पुढे. आता फक्त खडक होता, त्यावर मातीचा कण नाही. आईच्या पायाला पाणी लागलं तरी बाबांचा हात पुढेच. मिलिंद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, नदीने काठ खाल्ला असेल गं, पूर्वी इथवर जमीन असेल. मी तसं ओरडून आईला सांगितलं. ती तशीच मागे वळली, ओल्या पायांनी गाडीजवळ आली आणि बाबांच्या खिडकीखाली उभी राहिली. गाडी एवढी उंच की तिला मान वर करावी लागली.

"मातीत ठेवलं म्हणून सांगतलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "ठेवलं होतं का?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"पाण्यात सोडलं?"

बाबांनी मग मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही. त्यांचं तोंड वाकडं होऊन रडू फुटलं. झटक्यानंतर रडण्यालाही त्यांना आवाज राहिलेला नाही.

तिथे सगळा काळा पाषाण आहे. भर पावसात कुदळ लागली नसेल, नदी दुथडी भरली असेल, लेकरू हातात असेल. त्या तिघांनी काय ठरवलं असेल ते मी समजू शकते. आईला बरं वाटावं म्हणून बाबांनी झाड सांगितलं असेल, हेही समजू शकते. पण हे सगळे माझेच तर्क. बाबांना विचारावं तर हो-नाहीपलीकडे सांगायची त्यांना सोय नाही. फुलं आईच्या हातातच राहिली होती. मी ती घेऊन पाण्यात सोडली. मेणबत्ती वाऱ्यात लागली नाही.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. आई मागे बसली. मधे तिला दोनदा विचारलं, पुढे येतेस का, तर तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. बाबा अधूनमधून मान वळवायचा प्रयत्न करायचे, पण सीटची पाठ उंच, मागचं माणूस दिसत नाही. सौंसरला संत्री घेतली, ती कुणी खाल्ली नाही. इतका जड प्रवास मी आजवर केलेला नाही. संध्याकाळी कामठी ओलांडून कन्हानच्या पुलावर आलो तेव्हा मागून आईचा आवाज आला, हळू घ्या. प्रवीणने गाडी हळू केली. मागून ट्रकवाले हॉर्न देत राहिले. आई त्या छोट्या काचेला चेहरा लावून खाली पात्राकडे बघत होती.

गाडी आम्ही घेतली नाही. हिशेब मांडायचा तर चार जण असाल, हातीपायी धड असाल आणि वाट खरोखर वाईट असेल, तर यासारखी गाडी नाही. घरात म्हातारं, आजारी माणूस असेल तर त्याला चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आपलं माणूस मागच्या रांगेत बसणार असेल तर एकदा स्वतः तिथे बसून घाट चढून बघा. प्रवीणला अजून हळहळ आहे. माझं मन हिच्यावरून उडालं. तशी ती ज्या कामासाठी हवी होती ते तिने केलं, आम्हाला पोचवलं. पोचायलाच नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या रविवारी कन्हानला गेले होते. मिलिंदने सांगितलं की आई बाबांचं सगळं करते, अंघोळ, जेवण, औषधं, पण बोलत नाही. त्या दिवशी ती त्यांच्या पायाला तेल चोळत होती. चोळता चोळता तिचे हात थांबले. राग नव्हता आवाजात, असता तर मला बरं वाटलं असतं.

"ते याच पुलाखालून गेली असन," ती बाबांना म्हणाली. "तुम्ही मले तवाच सांगतलं असतं, तं बाजाराले जाता-येता मी एकदा तरी खाली पाह्यलं असतं."

बाबांनी डावा हात पुढे केला. आईने तो धरला नाही, झटकलाही नाही. तेलाची वाटी उचलून ती त्यांच्या दुसऱ्या पायाकडे सरकली.